चौथ्या खोलीतलं बिऱ्हाड

चौथ्या खोलीत साबण झिजत नव्हता.

हे धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा आधी तिला स्वतःचंच हसू आलं. बाकीच्या तीन खोल्यांतली बिऱ्हाडं साबणावरून, वाळत घालायच्या दोरीवरून, जिन्यातल्या चपलांवरून उठता-बसता हमरीतुमरीवर यायची, आणि ताईंना त्याचं कौतुकच वाटायचं. "भांडतायत म्हणजे रुजतायत," असं त्या म्हणत. ताई म्हणजे धाकटीची नणंद. जन्म रुग्णालयात नर्स म्हणून काढल्यामुळे ओरडणाऱ्या पेशंटची त्यांना कधी काळजी वाटली नाही. गप्प पडून असणाऱ्याची वाटायची.

चौथी खोली गप्प होती.

सासऱ्यांच्या हयातीत हे घर म्हणजे फिरत्या विक्रेत्यांचं मुक्कामाचं ठिकाण होतं. ते गेल्यावर वाटणीचं बोलणं अर्धवट राहिलं, दोघे भाऊ आणि ताई तिघं तीन दिशांना तोंडं करून बसले, आणि तेवढ्यात ताईंनी डोक्यावर छप्पर नसलेली कुटुंबं आणून तिथे ठेवायला सुरुवात केली. वर्षभर राहायचं, तेवढ्यात कमावत्या माणसाचं काम पक्कं करायचं, पोरं शाळेत घालायची, भाड्याचं घर शोधायचं आणि आपल्या पायांनी बाहेर पडायचं. प्रत्येक बिऱ्हाडाला घरातलं एक माणूस सोबतीला. धाकटी शिवणाचे वर्ग घ्यायची. चौथ्या खोलीची सोबत तिच्या वाट्याला आली होती.

त्या खोलीत एक तरुण विधवा, तिचे म्हातारे सासरे आणि दोन मुली. ती रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, म्हणून सगळे तिला लाँड्रीवाली म्हणत. म्हातारे कुठेतरी लिफ्ट चालवायचे, एवढंच कळलं होतं. आधी कुठे राहत होता, असं विचारलं तर "ओळखीच्यांकडे" एवढंच उत्तर.

धाकटीने टकटक केली की दार ताबडतोब उघडायचं. आत चौघंही भिंतीला पाठ लावून, ओळीने, उभी. चादरीवर सुरकुती नाही. मोरी कोरडी. खिडकीच्या कट्ट्यावर कंगवा नाही, खिळ्याला कपडा नाही. बोचकी बांधून दाराशी ठेवलेली. खोलीत पलंग तेवढा भारी होता, पेटीचा, कोरीव पाठीचा. थोरल्या दीरांनी, दादांनी, त्यांनी बांधलेल्या इमारतीतला गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुन्याचा फ्लॅट मोडला तेव्हा ताईंनी तो मागून आणला होता. त्या पलंगावर कोणी झोपत असेल असं वाटत नसे. माणसं समोर उभी असायची, पण खोली रिकामी वाटायची. धाकटीला तिथे बसलं की मानेमागून गार वारा गेल्यासारखं व्हायचं, आणि खिडकी तर बंद असायची.

"मोठीला शाळेत बरं वाटतंय का?" तिने एकदा विचारलं.

"हो," लाँड्रीवाली म्हणाली.

"आणि बारकीला?"

लाँड्रीवालीने बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "बाई तिला गैरहजर लावतात."

"जात नाही का ती?"

"रोज जाते. पुढच्या बाकावर बसते. नाव घेतलं की हजर म्हणते. बाई तिच्याकडे बघतात आणि पुढचं नाव घेतात." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. उलट, पोरीला एखादी गोष्ट छान जमते असं सांगावं तसं सांगितलं.

धाकटीने बारकीकडे पाहिलं. मुलगी तिच्याकडेच बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून. नाकाने श्वास घेतला तर आवाज होतो, म्हणून तोंडाने घेत होती. हे धाकटीला त्या वेळी कळलं नाही. तिला एवढंच जाणवलं की समोरच्या मुलीची छाती हलत नाहीये.

जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता.

---

रविवारी दुपारी दादा आले. येणार हे आधी कळवलं होतं आणि कशाला येणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्याच्या लग्नात मांडवातच दादांचं आणि ताईंचं जे वाजलं होतं, त्यानंतर सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायची वेळ क्वचितच आली होती. ताईंनी चहा टाकला. धाकटी कप मांडत होती. तिचा नवरा, म्हणजे घरातला धाकटा, घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद करून आला होता आणि आल्यापासून बायकोची नजर टाळत होता.

"घर विकायला काढू या," दादांनी बसता बसताच सांगितलं. "गिऱ्हाईक आहे. माझी इमारत आता कोणी घेत नाही. मी किती दिवस तोंड लपवत फिरू?"

"इमारत तुझी. घर सगळ्यांचं," ताई म्हणाल्या.

"इमारतीची विक्री बसली कशाने, ते माहीत आहे तुला."

माहीत नसायला काय झालं. गेल्या वर्षभरात ही कथा घरातल्या भिंतींनाही पाठ झाली होती. शहराबाहेरच्या माळावर दादांनी उंच इमारत उठवली. दुसऱ्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट सजवला, पडदे, पलंग, भांडीसुद्धा. आणि फ्लॅट बघायला आलेल्या बायका पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाहेर पडू लागल्या.

"मी स्वतः बसलोय त्या पलंगावर," दादा म्हणाले. ही जागा आली की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. "सकाळची वेळ. किल्ली माझ्या खिशात. आणि गादी गरम, ताई. आताच कोणी उठून गेल्यासारखी. कपाटाशी उभं राहिलं तर आत कोणी श्वास धरून ठेवलाय असं वाटायचं. उघडलं की काही नाही. एकदा ते नवरा-बायको आले होते, त्यातली ती बाई मला म्हणाली, इथे आधीच कोणी राहतंय. पुन्हा आली नाहीत. मग सांगोवांगी झालं आणि संपलं सगळं."

धाकटीच्या हातात बशी होती. ती तिने टेबलावर ठेवली, आवाज न करता, आणि आपण असं का केलं ते तिलाच कळेना.

"दादा म्हणतो त्यात तथ्य आहे," धाकटा अचानक म्हणाला.

ताईंनी मान वळवली. आजवर हा भाऊ त्यांच्या बाजूचा. वाटणीच्या वेळीही त्यांच्यामागे उभा राहिला होता.

"तुला कधीपासून वाटायला लागलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"किती दिवस चालवणार तू? तुझे गुडघे गेले. हिचा अर्धा दिवस इथे जातो. आपल्या घराचं काय?"

"आपल्या घराचं तू मला विचारायला हवं होतंस," धाकटी म्हणाली. "दादांना सांगायच्या आधी."

धाकट्याने कपात बघितलं. म्हणजे दोघा भावांचं आधीच बोलणं झालं होतं.

"आणि घर भरलेलं तरी आहे का?" दादांनी धागा पकडला. "मघाशी वरून फिरून आलो. चौथ्या खोलीत कोणी राहतच नाही. कशासाठी ठेवलीय ती?"

"चार माणसं राहतात तिथे," धाकटी म्हणाली.

"मी दार ढकललं. उघडंच होतं. आत चिटपाखरू नाही. राहत्या खोलीला एक वास असतो, तोसुद्धा नाही."

"लाँड्रीवाली आज कामावर आहे. पण आजोबा आणि मुली वरच आहेत. मी त्यांना जिना चढताना पाहिलंय."

"मग चल," दादा उठले. "दाखव."

---

जिन्यात चौघांच्या पावलांचा आवाज होत होता आणि वर अगदी सामसूम होती. पहिल्या खोलीतला रेडिओ, दुसरीतलं भांडण, सगळं खालीच राहिलं. धाकटीने टकटक केली. आज दार उघडलं नाही. तिने पुन्हा केली. मग हलकेच ढकललं.

चादर ताठ. मोरी कोरडी. दाराशी असणारी बोचकीही नव्हती. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं आणि त्यात धुळीचा कणही तरंगत नव्हता. धाकटीला क्षणभर वाटलं, दादांचं खरं आहे. इतके आठवडे आपण कोणाशी बोलत होतो?

"बघितलंस?" दादा म्हणाले आणि दमल्यासारखे पलंगावर बसले.

बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यांनी तळवा गादीवर टेकवला. तसाच ठेवला.

"दादा?" धाकटा म्हणाला.

"गरम आहे," दादा म्हणाले. "हा तोच पलंग आहे ना, ताई? तिथला?" ते उठले ते थेट भिंतीपर्यंत मागे सरले. पन्नाशी उलटलेला, साइटवर दीडशे माणसांना हाकणारा तो गृहस्थ लहान मुलासारखा भिंतीला चिकटला.

ताईंनी गादीला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, पण गुडघे वाकेनात. म्हणून धाकटी पुढे झाली. पलंगाच्या पेटीची फळी एका कडेला बोटभर वर राहिली होती. खाली लहान मुलाची चप्पल आडवी सारलेली होती, हवा यावी म्हणून. धाकटीने गादी बाजूला ढकलली आणि फळी उचलली.

आत बारकी उताणी पडली होती. शेजारी सगळी बोचकी. डोळे टक्क उघडे. धाकटीला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने दादांच्या दिशेने खूण केली. गप्प, तो आलाय.

धाकटीने तिला उचलून बाहेर घेतलं. मुलीचं अंग तापलेल्या विटेसारखं गरम होतं, आणि तरीही ती श्वास धरून होती. "सोड," धाकटी तिच्या कानाशी म्हणाली. "सोड श्वास. कोणी काही करत नाही." बराच वेळ तिने सोडला नाही. मग इतका मोठा सोडला की धाकटीच्या खांद्यावरचा पदर हलला.

खिडकीशी सारलेल्या पडद्यामागून मोठी आली. आणि भिंतीतल्या कपाटाचं दार आतून, अजिबात न कुरकुरता, उघडलं. लिफ्टवाले म्हातारे बाहेर आले, पाठ सरळ, हात बाजूला, जणू अंगावर अजून गणवेश आहे.

"नमस्कार साहेब," ते दादांना म्हणाले.

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही? तुम्ही तर आमच्या लिफ्टवर होता."

"हो साहेब. नमुन्याच्या फ्लॅटची दुसरी किल्ली माझ्याकडेच असायची. साफसफाईसाठी."

आता कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती, तरी ताईंनी म्हाताऱ्यांना खुर्ची दिली आणि सांगायला लावलं. रोग्याने आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगावं, अशी त्यांची जुनी पद्धत.

म्हाताऱ्यांचा मुलगा गेला आणि घरमालकाने खोली रिकामी करून घेतली. कुठे जाणार? इमारतीत फ्लॅट सजलेला होता. संध्याकाळी कामगार गेले की सुनेला आणि नातींना मागच्या जिन्याने वर न्यायचं. उजाडायच्या आत उठायचं, पलंग ताठ करायचा, मोरी फडक्याने कोरडी पुसायची, केस वेचायचे. सून कामावर जायची. मुली कुठे जाणार, म्हणून त्या तिथेच. लिफ्टची घंटा एकदा वाजली की पडद्यामागे नाहीतर कपाटात जायचं, दोनदा वाजली की पेटीत.

"गिऱ्हाइकं या पलंगावर बसायची," म्हातारे म्हणाले. "बारकी खाली असायची. एकदा गिऱ्हाइकं बराच वेळ बसली. मी लिफ्टमध्ये उभा होतो. मला वाटलं, आज पोर गेली."

"माझं काम बुडालं," दादा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण थरथरत होता. "तुमच्यामुळे लोक म्हणाले तिथे भूत आहे. मी म्हणालो. मी स्वतः सगळ्यांना सांगत फिरलो."

"हो साहेब. ऐकायचो मी. लिफ्टमध्येच सांगायचात."

"आणि वर इथे, माझ्याच घरात येऊन राहिलात?"

"तेही लिफ्टमध्येच कळलं. तुम्ही फोनवर चिडला होता, की बहीण रस्त्यावरची माणसं आणून ठेवते. पत्ता सांगत होता कोणाला तरी. आम्ही आलो." म्हाताऱ्यांनी पलंगाकडे पाहिलं. "खोलीत पाऊल टाकलं आणि हा दिसला. तेव्हाच सुनेला म्हणालो, इथेही सामान सोडायचं नाही. दिसलो नाही तर कोणी काढणार नाही. पण आज जिन्यात तुमचा आवाज आला आणि पोर घंटेची वाटही न बघता पेटीत शिरली."

दादा खाली बसले, फरशीवरच. बारकी धाकटीच्या कडेवरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनीही बघितलं. पलंगावर बसून त्यांनी किती जणांना फ्लॅटचं कौतुक सांगितलं असेल, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना धाकटीला दिसलं. तिला त्यांची दया आली, आणि याचंही तिला आश्चर्य वाटलं.

"आणि ते गाणं?" दादांनी शेवटी विचारलं. "सगळ्यात वरच्या मजल्यावरून बाई गुणगुणल्याचा आवाज यायचा. अंगाई म्हणावी तसा. तुमची सून का?"

म्हातारे पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. त्यांनी मोठीकडे पाहिलं. मोठीने मान खाली घातली.

"आम्ही वर कधी गेलो नाही, साहेब. वर भिंतीही पुऱ्या झालेल्या नाहीत. ते आम्हीही ऐकायचो."

ताई एक पाऊल पुढे आल्या.

"कोण आहे तिथे?" ताईंनी विचारलं.

"ठाऊक नाही, ताई. आम्ही त्यांना भ्यायचो आणि ते आम्हाला भीत असतील. सून जिन्याच्या वळणावर पाण्याची बाटली ठेवायची. सकाळी रिकामी असायची, धुऊन, उपडी घातलेली. इमारत बंद झाली, आम्ही निघालो. त्या दिवशीही वरून आवाज येत होता."

---

लाँड्रीवाली कामावरून आली तेव्हा सगळं तिला कळलेलं होतं. म्हाताऱ्यांनी फाटकाशीच गाठून सांगितलं असावं. ती वर जाऊन बोचकी पेटीतून बाहेर काढू लागली. धाकटी दारात उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"कळलंय ना आता त्यांना."

"म्हणून? तुला इथून जायचंय, ते ठरलेलंच आहे. पण भाड्याचं घर बघून, सामान हातात घेऊन, पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत जायचं. तोवर बोचकी सोड."

"दादा काढतील."

"दादांचं आम्ही बघू. तू एक काम कर. उद्या तू आणि मी शाळेत जाऊ. बाईंसमोर बारकीला आपण आवाज करायला शिकवू."

लाँड्रीवालीने तिच्याकडे पाहिलं. "तिला येत नाही हो," ती म्हणाली, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "मीच घालवलाय तो. हाताने तोंड दाबून दाबून." ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडू लागली, आधी आवाज न करता, मग मोठ्याने, इतक्या मोठ्याने की तिसऱ्या खोलीतली बाई काय झालं म्हणून धावत आली. धाकटीने तिला आत येऊ दिलं.

खाली धाकटा जिन्याशी उभा होता. "मी दादाला नाही म्हणून सांगितलं," तो बायकोला म्हणाला. "तुला आधी विचारायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. राग पुरता गेला नव्हता, पण ती त्याच्याबरोबर घरी गेली.

---

दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेतून परत आली तेव्हा दादा फाटकाशी गाडी घेऊन उभे होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "मला एकट्याला जमणार नाही."

कुठे, ते तिने विचारलं नाही.

माळावर इमारत उन्हात उभी होती, खिडक्यांना काचा नसलेली. लिफ्ट बंद होती. दोघं जिन्याने चढू लागली. पायऱ्यांवर धुळीचा जाड थर होता. वळणावळणावर सिमेंटच्या गोण्या दगड होऊन पडल्या होत्या. दादा मध्येच थांबत, धाप टाकत. "विक्रीचं मी त्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं," ते एका वळणावर म्हणाले. धाकटीने नुसती मान हलवली. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता.

शेवटच्या जिन्यावर धूळ नव्हती. पायऱ्या पुसलेल्या होत्या.

वरच्या मजल्यावर एकाच फ्लॅटला दार बसवलेलं होतं. ते अर्धवट उघडं होतं. आत उघडा स्लॅब, विटांची अर्धी भिंत आणि लखलखीत स्वच्छ फरशी. बाकी काही नाही. वारा इमारतीतून शिटी घालत होता आणि त्या शिटीच्या खाली, अगदी खाली, दुसरा एक सूर होता. दोघं आत येताच तो थांबला.

दादांनी धाकटीचं मनगट पकडलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

धाकटीने घसा साफ केला. विटांच्या त्या अर्ध्या भिंतीकडे तोंड करून, शिवणाच्या वर्गात नव्या बाईशी बोलावं तशा आवाजात, ती म्हणाली, "आम्ही हाकलायला आलो नाही. गावात आमचं घर आहे, डेपोच्या मागच्या गल्लीत, हिरव्या फाटकाचं. खोली मिळते. वर्षभर राहता येतं. काम शोधायला, पोरांच्या शाळेला आम्ही बरोबर असतो. कधीही या, दिवसाउजेडी या. फाटकाशी कोणी विचारलं तर सांगा, धाकटीने बोलावलंय."

उत्तर आलं नाही. वारासुद्धा पडला. भिंतीपलीकडे कोणी आहे की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. तरी बघितलं जातंय, एवढं तिच्या पाठीच्या कण्याला कळत होतं. ती भिंतीकडे जायला निघाली, तर दादांनी मनगट सोडलं नाही.

"नको," ते पुटपुटले. "त्यांच्या पायांनी येऊ देत."

दोघं मागे वळली. उंबऱ्याशी दादा थांबले. त्या रिकाम्या फ्लॅटकडे त्यांनी पाहिलं, जरा संकोचले, आणि मग घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "दार आतून लावून घ्या. वर वारा फार असतो."

जिन्याच्या पहिल्याच वळणावर पोचली असतील नसतील, तेवढ्यात मागे कडी सरकली.

दादा थिजले. धाकटीही. मग दोघं सावकाश, कठडा धरून, खाली उतरू लागली.